तीस परस खाली

श्रीलंकेजवळ समुद्रात बुडालेलं एक जहाज बघायला पाण्याखाली उतरणार, असं मी घरी सांगितलं. आप्पांनी नकाशा बघितला नाही, खर्च विचारला नाही. एवढंच विचारलं, "कितला परस खोल शे?"

आमच्या चोपडा तालुक्यात जुनी माणसं विहिरीची खोली अजून परसात सांगतात. परस म्हणजे पुरुषभर खोली. मी मनात भागाकार केला. समुद्राचा तळ तिथे साधारण ५३ मीटरवर, म्हणजे तीस परस. आप्पा जरा वेळ केळीच्या बागेकडे बघत राहिले. आमची विहीर अठरा परस आहे आणि मे महिन्यात तिच्या बुडाशी जेमतेम पाणी असतं. आजी मात्र गप्प बसणारी नव्हती. "बुडेल जहाज दखाले इतला पैसा? याड लागनं का तुले?"

याड म्हणा. याच विहिरीत आजोबांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून मला पोहायला शिकवलं. पुढे जळगावला बँकेत लागले, आणि धुळ्याच्या मावसभावाने, म्हणजे दादाने, तारकर्लीला स्कूबाचा पहिला कोर्स करायला लावला. तो स्वतः अंदमानात डायव्हिंग शिकवतो. नंतर अंदमानात माझे बरेच डाइव्ह झाले, दोन वर्षांपूर्वी टेक्निकलचा, म्हणजे जास्त खोल उतरण्याचा, कोर्स झाला, आणि तेव्हापासून दोघांच्या डोक्यात एकच जहाज होतं: श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ, बट्टिकलोआपाशी बुडालेलं एचएमएस हर्मिस.

विमानवाहू जहाज म्हणूनच आराखडा काढून बांधायला घेतलेलं हे जगातलं पहिलं जहाज. बांधणी १९१८ साली सुरू झाली, पण कामाला लागायला १९२४ उजाडलं. तोवर जपानचं विमानवाहू होशो पुढे निघून गेलं होतं. लांबी ६०० फूट. ९ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी ते बुडवलं. जहाजावरची ३०७ माणसं गेली.

आपल्याला हर्मिस हे नाव दुसऱ्या वाटेने ओळखीचं आहे. आपल्या नौदलाची आयएनएस विराट मूळची ब्रिटिश नौदलाची एचएमएस हर्मिसच, पण ती नंतर त्याच नावाने बांधलेली. तिची अखेर अलंगच्या किनाऱ्यावर, गॅस कटरखाली झाली. ही आधीची हर्मिस पाण्याखाली आहे.

निघण्याआधी

मे महिना. जळगावात पारा ४४ वर, आणि गच्चीवर आईची वाळवणं. दोनशे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, उन्हात पसरलेले आणि त्यांच्या पलीकडे, सावलीच्या कडेला, माझे रेग्युलेटर (टाकीतला वायू तोंडाशी आणून देतात ते), लांब होज, टाक्या पाठीला अडकवायची बॅकप्लेट मांडून मी एकेक वस्तू तपासत बसलेले. आईने बिबड्यांचा एक डबा आणि दशम्या बांधून दिल्या. आजीने देवघरातला लाल नाडा मनगटाला बांधला आणि सांगितलं, परत येईपर्यंत सोडायचा नाही.

जाणाऱ्यांनी आधी हंगाम बघावा. श्रीलंकेचा पूर्व किनारा साधारण एप्रिल ते सप्टेंबर शांत असतो, आपल्या पावसाळ्याशी त्याची गल्लत करू नका. नोव्हेंबरपासून तिकडे ईशान्य मोसमी पाऊस येतो, मग समुद्रात जाणं विसरा. दुसरं म्हणजे हेलियम. एवढ्या खोलीसाठी श्वासाच्या वायूत तो मिसळावा लागतो. तो गावात दुकानात मिळत नाही, डाइव्ह सेंटरला दीड-दोन महिने आधी सांगून ठेवा आणि आगाऊ पैसे देण्याची तयारी ठेवा. डायव्हिंगचा विमा काढल्याशिवाय जाऊच नका, आणि जवळचा रिकम्प्रेशन चेंबर (अंगात वायूचे बुडबुडे झालेल्या डायव्हरवर दाबाखाली उपचार करतात ती खोली) कुठे आहे, तिथवर पोचायला किती वेळ लागतो, हे सेंटरकडून लेखी मागवा. आम्ही मागवलं. तीन दिवस लागले, पण आलं.

दिवस पहिला आणि दुसरा

जळगावहून रात्रीची गाडी, मुंबईहून विमान. एका विमान कंपनीने आमची एक बॅग मुंबईतच ठेवली आणि सहा तासांनी पुढच्या विमानाने पाठवली. त्यात दादाचे फिन आणि बिबड्यांचा डबा होता. दादाला फिनची काळजी, मला डब्याची. रेग्युलेटर आणि खोली-वेळेचा हिशोब ठेवणारा डाइव्ह कॉम्प्युटर नेहमी हातातल्या बॅगेत ठेवा, बाकी सगळं भाड्याने मिळू शकतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीने निघालो. कुरुनेगला, दंबुल्ला, हबरना, पोलोन्नारुवा. त्या दिवशी वेसाकची पौर्णिमा, म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा, होती, आणि हे आम्ही अजिबात ठरवून केलेलं नव्हतं. रस्त्याला जागोजागी कागदाचे कंदील. आपल्या आकाशकंदिलाचेच भाऊ, पण काही बैलगाडीएवढे. दर काही किलोमीटरवर पोरं झेंडे हलवत गाडी थांबवायची. पहिल्यांदा वाटलं वर्गणी मागतायत. दादाने खिशात हात घातला तर एका पोराने त्याच्या हातात सरबताचा पेला दिला. याला दानसल म्हणतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट खाऊ घालायचं. आपला भंडाराच. पोलोन्नारुवापर्यंत आम्ही दोनदा सरबत, एकदा भात आणि एकदा उकडलेले हरभरे खाल्ले, आणि पाचव्या ठिकाणी हात जोडून सुटका करून घेतली. पौर्णिमेला त्या देशात दारूविक्री बंद असते, बरीच दुकानंही बंद. पाण्याच्या बाटल्या आदल्या दिवशीच घेऊन ठेवा.

पोलोन्नारुवाला पराक्रम समुद्र बघायला अर्धा तास थांबलो. नाव समुद्र, आहे तलाव. बाराव्या शतकात पराक्रमबाहू राजाने बांधलेला, आणि आजही त्याच्यावर भात पिकतो. दादा मूळचा साक्री तालुक्यातला, पांझरा नदीच्या फड पद्धतीच्या, म्हणजे बंधाऱ्यातून पाटाने वाटून घेतलेल्या, पाण्यावर वाढलेला. तो बांधावर उभा राहून पाट कुठून निघतो तेच शोधत राहिला. ड्रायव्हरला कळेना, लोक इथे बुद्धाच्या मूर्ती बघायला येतात आणि हा माणूस मोरी काय बघतोय.

संध्याकाळी बट्टिकलोआ. तमिळ नाव मट्टक्कळप्पु. खाडीने वेढलेलं, सायकलींचं गाव. गेस्ट हाउसच्या अक्कांनी रात्री पुट्टू, माशाची आमटी आणि मातीच्या मडक्यातलं म्हशीचं दही वाढलं. दही असं घट्ट की मडकं कलतं केलं तरी हललं नाही. वर ताडाचा गूळ. मी आईची दशमी काढून दह्याबरोबर खाल्ली. अक्कांनीही एक तुकडा चाखला आणि दुधात मळलंय हे लगेच ओळखलं.

रात्री कल्लडीच्या पुलावर गेलो. या गावाला "गाणाऱ्या माशांचं गाव" म्हणतात, पौर्णिमेच्या रात्री खाडीतून सूर ऐकू येतो अशी ख्याती. आम्हाला मोटरसायकली ऐकू आल्या.

दिवस तिसरा

हर्मिसवर थेट कोणी नेत नाही, आणि नेत असेल तर तुम्ही जाऊ नका. आधी तुमची तयारी बघतात. त्यासाठी आम्हाला पासिकुडाजवळच्या ब्रिटिश सार्जंट या तेलवाहू जहाजावर नेलं. हेही त्याच दिवशी, ९ एप्रिललाच बुडालेलं. खोली साधारण २४ मीटर, पाणी कोमट, वर उन्हाची तिरीप. सगळी जड सामग्री अंगावर चढवून कवायत केली: वाल्व बंद-उघड, एकमेकांना गॅस देणं, मास्क काढून घालणं, पाण्याखालून बोया वर सोडणं.

बोटीचे मालक साठीचे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, आम्हीही म्हणू लागलो. दादाचं अंदमानातलं मोडकं तमिळ आणि अण्णांचं मोडकं इंग्रजी, एवढ्यावर आठवडा निघाला. अण्णा मूळचे मासेमार. म्हणाले, आमच्या बापाला माहीत होतं खाली लोखंड आहे. जाळं अडकायचं आणि मासे भरपूर मिळायचे. कोणाचं जहाज, ते नंतर कळलं.

दिवस चौथा

आदल्या संध्याकाळी सिलिंडरांतला गॅस तपासला. इथे जरा थांबून सांगते, कारण घरी सगळ्यांनी हेच विचारलं की एवढं सामान कशाला.

साधी हौशी स्कूबा ४० मीटरला संपते. त्याच्या खाली साध्या हवेतला नायट्रोजन डोक्यात चढतो, भांग प्यायल्यासारखा, आणि चढलाय हे कळत नाही ही खरी गंमत. म्हणून नायट्रोजनचा काही भाग काढून हेलियम घालायचा. आमच्या मिश्रणात २१ टक्के ऑक्सिजन, ३५ टक्के हेलियम, बाकी नायट्रोजन. याला ट्रायमिक्स म्हणतात. हेलियम म्हणजे यात्रेतल्या फुग्यातलाच, फक्त फुग्याच्या भावात मिळत नाही. पाठीवर १२ लिटरच्या दोन जोडटाक्या. कुशीला आणखी दोन सिलिंडर. एकात ५० टक्के ऑक्सिजन, तो २१ मीटरपासून वर वापरायचा. दुसऱ्यात शुद्ध ऑक्सिजन, तो फक्त ६ मीटरला. त्याच्याहून खोल शुद्ध ऑक्सिजन ओढला तर झटके येऊ शकतात, आणि पाण्याखाली झटका आला तर तोंडातलं रेग्युलेटर सुटतं. म्हणून सिलिंडरवर हातभर अक्षरात खोली लिहिलेली असते. बदलताना स्वतः वाचायचं, जोडीदाराने वाचायचं, मगच श्वास घ्यायचा.

हिशोब साधा आहे. वर मिनिटाला १५ लिटर लागत असतील तर ५० मीटरवर दाब सहापट, म्हणजे ९० लिटर. २० मिनिटं खाली राहिलात की १८०० लिटर तिथेच गेले. जोडटाक्यांत २०० बार दाबाला ४८०० लिटर असतात. ऐकायला भरपूर वाटतं. पण त्यातच जोडीदाराची टाकी बिघडली तर त्यालाही वर आणायचं आहे.

आणि वर येणं म्हणजे नुसतं वर येणं नाही. अंगात मुरलेला वायू हळूहळू बाहेर पडू द्यावा लागतो. कुकरची वाफ जिरायच्या आत झाकण उघडलं तर काय होतं, ते स्वयंपाकघरात एकदा तरी सगळ्यांनी बघितलंय. तसं रक्तात होऊ नये म्हणून ठरलेल्या खोलीला ठरलेली मिनिटं थांबत यायचं. खाली २०, वर यायला ४०.

सकाळी सहाला निघालो. दीपगृह मागे पडलं. अण्णांनी जीपीएस बघितलं, मग मान वळवून किनाऱ्यावरच्या दोन खुणा बघितल्या आणि जीपीएस बाजूला ठेवलं. वजन बांधलेला दोर सोडला. दोराचा बोया प्रवाहाने तिरका होऊन अर्धा पाण्यात गेला. आमचा स्थानिक डायव्हर गाइड, दादा आणि मी, असे तिघे उतरलो.

दोर हाताने ओढत ओढत खाली जावं लागत होतं. दहा मीटर. पंधरा. पाणी वाऱ्यासारखं अंगावर येत होतं आणि कुशीची सिलिंडरं फडफडत होती. वीस मीटरला मला माझाच श्वास ऐकू येऊ लागला, भात्यासारखा. सावकाश घे, असं स्वतःला सांगितलं. झालं नाही. २७ मीटरला थांबले. खाली नुसता निळा-काळा रंग, जहाजाचा पत्ता नाही. दम लागला असताना खोल गेलं की काय होतं ते शिकवलेलं होतं: श्वासातला कार्बन डायऑक्साइड अंगात साचतो, घाबरटपणा वाढतो, आणि मग माणूस चुका करतो. मी दादाच्या दिव्यासमोर हात धरला आणि अंगठा वर केला.

जमिनीवर अंगठा म्हणजे "झकास". पाण्याखाली त्याचा अर्थ "वर चला". आणि त्यावर कोणी प्रश्न विचारायचा नाही हा नियम. दादाने आणि गाइडने अंगठा परत दाखवला. वळलो.

बोटीवर मी तोंड फिरवून बसले. दोन वर्षांची तयारी, हेलियमचे पैसे, दोघांचा दिवस. अण्णांनी शहाळं फोडून दिलं. संध्याकाळी मी दादाला माफी मागायला तोंड उघडलं तेव्हा तो अक्कांच्या चुलीवर बिबडे भाजत होता. एक भाजलेला बिबडा माझ्या हातात दिला आणि विचारलं, "उद्या साडेपाचला निघायचं की सहाला?" मग गाइडबरोबर बसून प्रवाहाचं बोलला. दोराचं वजन वाढवायचं, आणि बोटीपासून दोरापर्यंत पृष्ठभागावर एक आडवी दोरी बांधायची, म्हणजे सुरुवातीलाच दमछाक नको. एवढंच.

दिवस पाचवा

साडेपाचला निघालो. प्रवाह होता, पण कालच्या निम्म्याने. रेग्युलेटर तोंडात धरून दोन श्वास घेतले आणि "चला" म्हटलं, तर आवाज किंचित चिरका. हेलियम. अण्णांचा पोरगा हसला.

या वेळी श्वास मोजतच उतरले. तीस मीटरच्या पुढे गेल्यावर खालचा रंग एका रेषेत दाट होऊ लागला. आमच्या शेतातून उन्हाळ्यातल्या संध्याकाळी उत्तरेला सातपुडा दिसतो ना, धुरकट, नक्की डोंगर आहे की धूळ आहे ते न कळणारा, तसं. मग त्या रेषेला कड आली. मग कळलं की ही कड डावीकडे संपत नाही आणि उजवीकडेही संपत नाही.

जहाज कुशीवर, जवळजवळ उपडं पडलेलं आहे. ४० मीटरच्या थोडं पुढे आपण त्याच्या पोटाशी पोचतो, तळ आणखी दहा-बारा मीटर खाली. लोखंडावर वेतासारखी लांब प्रवाळं, मधूनच अडकलेल्या जाळ्यांची लक्तरं. ग्रूपर, ज्याला कोकणात गोब्रा म्हणतात, एक असा मोठा की मी आधी त्याला खडक समजले. तो सरकला तेव्हा मी सरकले. आम्ही कडेकडेने गेलो. एका तोफेची नळी तिरकी, शिंपल्यांनी मढलेली. तिच्या तोंडात एक छोटा मासा आत-बाहेर करत होता.

गोल खिडक्यांची एक रांग लागली. एकीपाशी थांबले. आत अंधार. आत दिवा टाकावा की नाही, हे मला ठरवता येईना. बघायलाच तर आले होते. पण ही दारं-खिडक्या ज्यांच्या होत्या त्यांतले कित्येक अजून आतच आहेत. ज्यांचे देह मिळाले नाहीत अशा ब्रिटिश नौसैनिकांची नावं पोर्ट्समथ, प्लिमथ आणि चॅटहॅमच्या स्मारकांवर कोरतात, देह मात्र जिथल्या तिथे. आत शिरायचं नाही, काही उचलायचं नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. दिवा टाकायचा की नाही ते ठरवलं नव्हतं. मी दिवा वळवला, तो माझ्याच मनगटावर पडला.

आजीचा नाडा. त्या खोलीला लाल रंग पोचत नाही, पाणी तो वरच्या वरच गिळतं. उतरताना नाडा कधी काळपट झाला ते मला कळलंही नव्हतं. दिव्याच्या उजेडात तो एकदम लालभडक झाला. पन्नास मीटरवर त्या सगळ्या निळ्या-करड्या पसाऱ्यात लाल तेवढंच होतं. उजेड बाजूला केला, परत काळा.

गाइडने घड्याळावर बोट ठेवलं. २० मिनिटं झाली होती. मला विचाराल तर सहा.

२१ मीटरला सिलिंडर बदललं. दादाने माझं लेबल वाचलं, मी त्याचं. मग एकेक थांबा. शेवटचा ६ मीटरचा सगळ्यात लांब. तिथे तरंगताना मी त्या दिवसाचा विचार करत होते. ५ एप्रिलला जपानी ताफ्याने कोलंबोवर हल्ला केला, चार महिन्यांपूर्वी पर्ल हार्बर उद्ध्वस्त करणाऱ्या त्याच अॅडमिरल नागुमोचा ताफा. दुसऱ्या दिवशी आपल्या विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बॉम्ब पडले. त्रिंकोमालीवर हल्ला येणार हे कळल्यावर ८ तारखेच्या रात्री हर्मिसला बंदरातून बाहेर काढलं, सोबतीला व्हॅम्पायर ही ऑस्ट्रेलियन विनाशिका. सकाळी परत फिरताना जपानी टेहळणी विमानाने त्यांना बघितलं. साडेदहाच्या सुमारास बॉम्बफेकी विमानं आली आणि काही मिनिटांत सगळं आटोपलं. कॅप्टन ऑन्स्लो जहाजाबरोबर गेले, व्हॅम्पायरही बुडाली. जवळून जाणाऱ्या व्हीटा या रुग्णालय-जहाजाने जवळजवळ सहाशे जणांना पाण्यातून काढलं.

आणि हर्मिसवर त्या दिवशी एकही विमान नव्हतं. विमानं किनाऱ्यावरच ठेवलेली होती. जन्मच ज्याचा विमानं वाहण्यासाठी, ते जहाज विमानांकडून बुडालं तेव्हा रिकामं होतं. हे मी वाचलेलं होतंच. पण त्याची ६०० फुटी लांबी डोळ्यांनी बघून आल्यावर, दोरीला लटकून काही न करता थांबलेलं असताना, ते वेगळं लागतं.

वर आल्यावर अण्णांनी विचारलं, "पार्त्तीया?" बघितलंस? मी मान हलवली. त्यांनी डबा पुढे केला. माझेच बिबडे होते.

दिवस सहावा

परत हर्मिस. आज मी तोफेकडे गेलेच नाही, खिडक्यांच्या रांगेपाशीही नाही. कडेने लांबवर पोहत राहिलो, फक्त आकार बघत. खालचं १८ मिनिटांत आटोपलं आणि आजची खरी गोष्ट ६ मीटरला घडली.

वरचं पाणी अचानक मळकट चंदेरी झालं आणि त्याच्यावर बारीक बारीक टिंबं उठू लागली. मला वाटलं माशांचा थवा. मग आवाज आला, लाह्या फुटतात तसा, सगळ्या बाजूंनी. पाऊस. मी पाऊस खालून बघत होते. जळगावात ४४ अंशाला सोडून आलेली मी, अंगावर चार टाक्या, डोक्यावर सहा मीटर समुद्र आणि त्याच्याही वर पाऊस. दादाकडे बघितलं. तो पाठीवर उताणा तरंगत वर बघत होता, आणि मास्कमध्ये त्याचे डोळे हसत होते. थांब्याची मिनिटं संपली तरी आम्ही आणखी पाच मिनिटं तिथेच राहिलो. जास्त थांबायला डाइव्ह कॉम्प्युटरची हरकत नसते.

संध्याकाळी घरी फोन केला. जहाजाचं सांगायला सुरुवात केली तर आप्पांनी मधेच विचारलं, "तठे पाणी पडनं का?" पडला म्हटल्यावर किती पडला, कोणत्या दिशेने आला, सगळं विचारून घेतलं. तिकडे केळीला वादळी वाऱ्याची धास्ती होती.

दिवस सातवा

एवढ्या खोल डाइव्हनंतर निदान २४ तास विमानात बसायचं नाही. तिकिटं काढताना हा दिवस मोकळा ठेवा, शिवाय समुद्र खवळला तर हाताशी असावेत म्हणून दोन दिवस जास्तीचे धरा. आमचे दोनपैकी एक असाच खर्ची पडला, हे वर आलंच आहे. आणि ईटीएचे, म्हणजे श्रीलंकेच्या ऑनलाइन प्रवेश-परवान्याचे, नियम निघण्याच्या आठवड्यात पुन्हा बघा, ते बदलत असतात.

दुपारी डच किल्ला बघितला, दही खाल्लं, झोपलो. रात्री अण्णा छोटी होडी घेऊन आले. पुलापासून जरा लांब, गाड्यांचा आवाज पोचणार नाही तिथे थांबवली, वल्हं उभं पाण्यात घातलं आणि वरचं टोक माझ्या कानाला लावायला सांगितलं. बराच वेळ लाकडाला आपटणारं पाणीच. मग त्याच्या खालून काहीतरी आलं. भजनी मंडळातला म्हातारा एकतारी जुळवताना तार नुसती छेडून बघतो, तसा एक सूर. थांबला. परत आला. मासा की शिंपला यावर अजून एकमत नाही म्हणे. दादाला काही ऐकू आलं नाही. त्याला वाटतं मी थापा मारतेय.

घरी

चोपड्याला पोचले तेव्हा दुपारचे दोन, आणि अंगणात पाय ठेववत नव्हता. शेतावरच्या हौदात सगळी सामग्री तीनदा गोड्या पाण्यातून काढली. ते खारट पाणी केळीला चालणार नाही म्हणून आप्पांनी ते बादलीबादलीने काढून रस्त्यावरच्या धुळीवर मारलं. आजीने नाडा बघितला. तो मिठाने पांढरा पडून कडक झाला होता. तिने कात्रीने तो कापला आणि तुळशीत टाकला. लाल रंगाचं मी तिला सांगितलं. तिला ते फारसं विशेष वाटलं नाही.

संध्याकाळी आप्पा माझं रील हातात घेऊन फिरवत होते. बोया वर सोडतो ती दोरी, ४५ मीटर, दर तीन मीटरला गाठ. "हाई कितलं लांब शे?" विचारलं. मी सांगितलं. म्हणजे तुझं जहाज याच्याही खाली? आणखी आठ मीटर, मी म्हटलं.

आप्पांनी रीलच्या टोकाला पितळी हूक होता तो विहिरीच्या कठड्यावरून आत सोडला. "आपलं कितलं पाणी शे दखूत." रील मी धरलं होतं, दोरी ते सोडत होते आणि गाठी मोठ्याने मोजत होते. खाली हूक बुडाला तेव्हा आवाजही आला नाही, नुसती दोरी सैल पडली. तळ लागेपर्यंत सोडली आणि मग वर ओढून घेतली.

नऊ गाठी कोरड्या होत्या. दहावी ओली.